घोगऱ्या आवाजाचा आलेख

प्रश्न : मी तासगावची शिक्षिका. दोन महिने आवाज घोगरा आहे. तपासणीत मला लांब ‘आऽऽ’ म्हणायला लावून संगणकावर आलेख काढला. त्यावरून काय कळतं?

उत्तर : ताई, बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा उघडमीट करतात. ती एकसारखी असली की आलेखात स्वच्छ, समांतर आडव्या रेषा उमटतात. तंतू नीट मिटले नाहीत तर हवा निसटते आणि रेषांमध्ये करडी धूळ पसरल्यासारखी दिसते. सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिकांच्या आलेखात ही धूळ मला फार दिसते. वर्गात ओरडून शिकवावं लागतं ना! पण गाठ आहे की सूज, हे आलेख सांगत नाही. दुर्बिणीने घसा तपासून घ्याच, हळद-दुधावर थांबू नका. पुढचा आलेख काढताना माईक तोंडापासून तेवढ्याच अंतरावर हवा, नाहीतर तुलना फसते.