अल्फा खूश, पुनर्चाचणी नाराज

प्रश्न : पीएच.डी.साठी मी ‘के-१०’ या मानसिक त्रासाच्या चाळणी-प्रश्नावलीचं मराठी भाषांतर केलं. १४० जणांकडून ते भरून घेतलं. क्रॉनबॅक अल्फा ०.९१ आला आणि मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. दोन आठवड्यांनी त्यांच्यापैकी ४२ जणांकडून पुन्हा भरून घेतलं, तर दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध निघाला ०.६८. मॅडम म्हणतात, “अल्फा मुख्य प्रकरणात लिही, हे दुसरं परिशिष्टात टाक.” मला ते पटत नाही. पण मग माझी प्रश्नावली विश्वसनीय आहे की नाही? (नाव छापू नये.)

उत्तर : परिशिष्टात अजिबात टाकू नका. तुमच्या प्रबंधातली सगळ्यात वाचनीय गोष्ट तीच आहे.

तुमचे दोन आकडे एकमेकांशी भांडताहेत असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. अल्फा एका बैठकीतला असतो. त्या दिवशी, त्या माणसांमध्ये, दहा प्रश्न एकमेकांशी किती जुळवून घेतात एवढंच त्याला कळतं. पंधरा दिवसांनी काय होईल, याचा त्याला गंधही नसतो. ली क्रॉनबॅक यांचा या गुणांकावरचा गाजलेला लेख १९५१ सालचा. पुढे त्यावरून ‘०.७ च्या वर गेला की पास’ असा पाढा पिढ्यान्‌पिढ्या म्हटला जातोय. मीही बरीच वर्षं वर्गात तो म्हणायला लावला, त्याची आता लाज वाटते.

अल्फा फुगवणं किती सोपं आहे बघा. दहा प्रश्नांचा आपसातला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.३ असेल, तरी अल्फा ०.८१ येतो. तसलेच आणखी दहा प्रश्न जोडा, की तो ०.९० होतो. प्रश्न सुधारले नाहीत, फक्त वाढले. तुमचा ०.९१ दहा प्रश्नांवर आलाय, म्हणजे सरासरी सहसंबंध साधारण ०.५. बराच घट्ट आहे. पण तो घट्टपणा कुठून आला, ते तपासायला हवं, कारण के-१० मध्ये एक गोम आहे.

रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीसाठी बनवली आणि त्यांचा लेख २००२ साली आला. गेल्या तीस दिवसांत अमुक किती वेळा वाटलं, असे दहा प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण १० ते ५०. आता दुसरा आणि तिसरा प्रश्न शेजारी ठेवा. दुसरा विचारतो, अस्वस्थ, घाबरल्यासारखं वाटलं का? तिसरा विचारतो, इतकं घाबरल्यासारखं वाटलं का की कशानेच शांत वाटेना? पाचवा-सहावा हीदेखील तशीच जोडी : चुळबुळ, आणि मग एका जागी बसवेना इतकी चुळबुळ. मुलाखत घेऊन भरताना दुसऱ्याला ‘कधीच नाही’ आलं तर तिसरा विचारतच नाहीत, थेट १ गुण देतात. सहाव्याचंही तेच. म्हणजे त्या माणसांपुरते हे प्रश्न जुळले नाहीत, आपणच ते जुळवले. तुम्ही कोणत्या पद्धतीने भरून घेतलंत ते पत्रात नाही, पण प्रबंधात ते लिहायलाच हवं.

घरबसल्या एक करा. तिसरा आणि सहावा प्रश्न वगळून आठांचा अल्फा काढा. निव्वळ प्रश्न कमी झाल्यामुळेच तो ०.८९ च्या आसपास यायला हवा. तेवढ्यावर थांबला तर ठीक. त्याच्या बराच खाली गेला, तर तुमच्या ०.९१ मध्ये या जोड्यांचा वाटा मोठा होता, एवढं नक्की.

आता ०.६८ कडे वळू. पहिली गोष्ट, ४२ माणसांवरचा ०.६८ हा एक आकडा नाहीच. त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा सहसंबंध ज्यात असावा असा पट्टा, ०.४७ ते ०.८२ असा पसरलाय. खालचं टोक खरं असेल तर काळजी करा, वरचं असेल तर पेढे वाटा. हा पट्टा छापल्याशिवाय नुसता ०.६८ छापू नका. आणि १४० पैकी ४२ च का परतले? जे फार त्रासात होते तेच गळले असतील, तर उरलेल्यांचे गुण एकमेकांच्या जवळ येतात आणि सहसंबंध आपोआप आखडतो. पहिल्या फेरीतले त्या ४२ जणांचे गुण बाकीच्या ९८ जणांशी ताडून पाहा.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. के-१० मागच्या तीस दिवसांबद्दल विचारते आणि तुम्ही दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलंत. म्हणजे दोन्ही वेळच्या उत्तरांत निम्मे दिवस सामाईक होते. तरीही सहसंबंध ०.६८ च आला, हे मला अल्फापेक्षा जास्त बोलकं वाटतं. एक तर मधल्या पंधरा दिवसांत खरंच काही घडलं, नाहीतर माणसं ‘तीस दिवस’ वाचून ‘आज’बद्दल सांगतात. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. पाच-सहा जणांना शेजारी बसवून, मोठ्याने बोलत प्रश्नावली भरायला सांगा. अर्ध्या दिवसात उलगडा होईल.

पहिली शक्यता मात्र झटकू नका. त्रास ही काही उंची नव्हे, ती बदलतेच. पंधरा दिवसांत ज्याची नोकरी गेली त्याचे गुण बदलले नाहीत, तर प्रश्नावलीच बहिरी म्हणायची. म्हणून पुन्हा भरून घेताना ‘मागच्या वेळेपासून काही मोठं घडलं का?’ हा एक प्रश्न जोडायचा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा हिशेब वेगळा मांडायचा. पहिल्या फेरीत ज्यांना ४० च्या पुढे गुण मिळाले त्यांना तुम्ही दोन आठवडे तसंच सोडलं नसेल, अशी आशा करते. त्यांना मदतीकडे पाठवलं असेल तर त्यांचे गुण उतरणारच. तसे ते उतरले, तर प्रश्नावलीला दोष देऊ नका.

तिसरी गोष्ट, साधा पिअर्सन सहसंबंध इथे पुरत नाही. सगळ्यांचे गुण चारने घसरले तरी तो पूर्ण १ येईल. इंट्राक्लास सहसंबंध काढा, तोही ‘सहमती’ (दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्षात किती सारखे आहेत हे) मोजणारा प्रकार निवडून, आणि दोन्ही फेऱ्यांच्या सरासऱ्या शेजारी छापा. अशा प्रश्नावल्यांत दुसऱ्यांदा भरताना गुण थोडे उतरतात, हे पुष्कळदा दिसलं आहे.

माझ्या एका जुन्या कामात मात्र ते चढले. सहसंबंध पडला म्हणून आम्ही भाषांतराला नावं ठेवत बसलो होतो. मग कळलं की पहिल्या फेरीतले कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन द्यायचे होते आणि दुसऱ्या फेरीत ते बंद पेटीत टाकायचे होते. प्रश्न तेच, माणसं तीच, फक्त वाचणारा बदलला होता. म्हणून ‘के-१० विश्वसनीय आहे’ हे वाक्यच मी आता लिहीत नाही. या लोकांकडून, अशा रीतीने, अमुक दिवसांच्या अंतराने घेतलेले गुण इतपत विश्वसनीय निघाले, एवढंच लिहिते. मॅडमना हे वाक्य दाखवा. रागावल्या तर माझं नाव सांगा.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी आम्हाला हीच दहा प्रश्नांची प्रश्नावली दिली होती. तेव्हा माझे गुण २६ आले. तीन महिन्यांनी २२ आले. समुपदेशक म्हणाले, “छान, सुधारणा आहे.” मला स्वतःला काही फरक जाणवत नाही. कोण बरोबर?

उत्तर : आकड्यांपुरतं बोलायचं तर तुम्ही. समजा तुमच्यासारख्यांच्या गटात गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ७ आहे आणि विश्वसनीयता अगदी ०.९१ आहे. १ मधून ०.९१ वजा करून वर्गमूळ काढलं की ०.३ येतं. सातला त्याने गुणलं की २.१, ही मापनाची प्रमाण त्रुटी. दोन मापनांतल्या फरकात ती दोनदा शिरते (२.१ चे सुमारे ३ होतात, आणि ९५ टक्के खात्रीसाठी त्याची साधारण दुप्पट धरतात), त्यामुळे सुमारे सहा गुणांहून कमी फरक निव्वळ डगमगण्यातूनही येऊ शकतो. तुमचा फरक चारचा. विश्वसनीयता ०.७२ धरली, तर ही मर्यादा दहाच्या पुढे जाते. हजार माणसांची सरासरी चारने उतरली तर ती मोठी बातमी असते, पण एकट्या माणसाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

शिवाय २२ म्हणजे काय, यावरही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाचं सांख्यिकी खातं २२ ते २९ ला ‘जास्त त्रास’ म्हणतं, तर तिथेच वापरात असलेली दुसरी वर्गवारी २० ते २४ ला ‘सौम्य’ म्हणते. तोच कागद, तीच माणसं.

फरक जाणवत नाही, हे समुपदेशकांना असंच सांगा. आणि एक लक्षात ठेवा, ही प्रश्नावली आत्महत्येच्या विचारांबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. तसं काही मनात येत असेल तर गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : सॉफ्टवेअर सांगतं की के-१० मधला ‘विनाकारण थकवा’ हा पहिला प्रश्न काढला तर अल्फा ०.०१ ने वाढेल. काढू का?

उत्तर : नाही. थकवा दुखण्यानेही येतो, म्हणून तो बाकीच्यांपासून थोडा फटकून असणारच. पण काही माणसं मनाचं काही बोलत नाहीत, फक्त थकलोय म्हणतात. ती याच प्रश्नात सापडतात.

प्रश्न : अल्फा आणि पुनर्चाचणी दोन्ही उत्तम आले, तर प्रश्नावली बरोबर आहे असं मानायचं ना?

उत्तर : एका भाषांतरात ‘डिप्रेस्ड’साठी आम्ही ‘मन दबलेलं’ असं लिहिलं होतं. कानाला गोड वाटलं, उलट भाषांतरातही (मराठीतून परत इंग्रजीत नेल्यावरही) ठीक निघालं. पंधरा दिवसांनी विचारलं तर याच प्रश्नाची उत्तरं सगळ्यांत स्थिर. आम्हाला कोण अभिमान! मग एका बाईंना विचारलं, तुम्ही ‘नेहमी’वर खूण का केलीत? म्हणाल्या, “डोक्यावर कर्ज आहे ना, मन दबलेलंच असणार.” आणखी विचारत गेलो, तर बरेच जण जबाबदारी, देणी, साहेबांचा धाक यांबद्दल उत्तर देत होते. कर्ज काही पंधरा दिवसांत फिटत नाही. आम्ही शब्द बदलून ‘उदास’ केला आणि त्या प्रश्नाचा पुनर्चाचणीतला सहसंबंध लगेच घसरला.