गाणारा मुलगा आठवीत शाळेला जाईनासा होतो तेव्हा

"ताई, पोऱ्याना आवाज गया. शायमा जाऊ नही म्हणस."

शिरपूरकडच्या एका गावातून धुळ्याला समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेल्या आईनं खुर्चीत बसता बसता एवढंच सांगितलं. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. सोबत मुलाचे मामा होते. 13 वर्षांचा मुलगा मात्र दाराशीच, चपला काढतात तिथं उभा राहिला. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि गावचे काही तपशील इथे बदलले आहेत. ही तक्रार मात्र दर हिवाळ्यात एकदा-दोनदा तरी येतेच, कारण शाळांची स्नेहसंमेलनं आणि नाताळचे कार्यक्रम याच दिवसांत असतात.

मुलगा पाचवीपासून एका मिशन शाळेत. तिथे संगीताचा तास नेमानं होतो, पेटी-तबला शिकवतात, क्वायर आहे. सातवीपर्यंत नाताळच्या कार्यक्रमात एकट्यानं गायचं कडवं याच्याच वाट्याला येई. यंदा दिवाळीच्या सुटीनंतर त्यानं पोटदुखी काढली. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. आईला वाटलं, दृष्ट लागली. मामांचं म्हणणं वेगळं होतं : "चर्चची गाणी म्हनाले लावतस, पोऱ्याना मनवर दाब येस." शाळेकडून निरोप आला होता की मुलगा कामचुकार झालाय.

अशा वेळी "गाणं का सोडलंस?" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. मूल "असंच" म्हणतं आणि दार बंद होतं. त्याऐवजी कॅलेंडर पुढे ठेवलं आणि आईकडून गैरहजेरीचे दिवस लाल पेननं गोल करून घेतले. पाच आठवड्यांत 9 गोल. एक सोडून बाकीचे सगळे मंगळवार आणि शुक्रवार. वेळापत्रक पाहिलं तर याच दोन दिवशी संगीताचा तास. मुलानं ते गोल पाहिले, आणि पहिल्यांदा तो आत येऊन बसला.

पुढचं बोलणं आई आणि मामांना बाहेर बसवून झालं. ते गरजेचं असतं. या वयाच्या मुलाच्या अंगात काय बदलतंय, हे आईसमोर तो बोलत नाही. त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. सरावात वरचा सूर लावताना आवाज चिरकला. मुलं हसली. सरांनी घाईत म्हटलं, "आज तू फक्त ओठ हलव." पुढच्या तासाला पुन्हा तेच. घरी मामा त्याला "बेंडूक" म्हणत, प्रेमानंच. मुलाला वाटत होतं, वरचा सूर जोर लावून लावल्यामुळे आपणच आपला गळा फाडला.

हा शेवटचा गैरसमज आधी काढावा लागतो, कारण पोट त्यामुळे दुखत असतं. त्याला तंबोऱ्याच्या तारेचं उदाहरण दिलं : तार लांब आणि जाड झाली की सूर खाली जातो. मुलगे वयात येताना, साधारण 12 ते 15 या वयात, स्वरयंत्र वाढतं. गळ्यावर कंठमणी दिसू लागतो तो त्यामुळेच. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लहानपणी बोलताना सेकंदाला 250च्या आसपास कंप पावणारे तंतू पुढे 125च्या आसपास येतात, म्हणजे आवाज जवळपास एक सप्तक उतरतो. वाढ एका लयीत होत नाही. तंतू पुढे जातात, त्यांना ताणणारे स्नायू मागे राहतात. जुन्या सवयीनं जोर लावला की पकड सुटते आणि आवाज चिरकतो. तंतू मागच्या बाजूला नीट मिटत नाहीत म्हणून सुरात हवा मिसळते. मुलींचाही आवाज या वयात दोन-तीन स्वर उतरतो आणि काही काळ हवेशीर होतो, पण तो मोडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

"म्हणजे मी फाडला नाही?" एवढंच त्यानं विचारलं.

आता करायचं काय? बहुतेक घरांतून आणि शाळांतून दोनपैकी एक चूक होते. कुणी गाणं पूर्ण बंद करतात, "आवाज स्थिरावला की बघू." कुणी ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या देऊन जुनीच पट्टी गाऊन घेतात. गुळण्यांनी अपाय नाही, पण हा आजारच नाही तर औषध कशावर लागू पडणार? जुन्या पट्टीत ताणून गायलं तर मात्र गळ्याला खरी इजा होऊ शकते. आणि गाणं बंद केलं तर मूल वर्षभरात स्वतःला "न गाणारा" ठरवून टाकतं. आमच्या अनुभवात यातून परत येणं आवाज फुटण्यापेक्षा जड जातं. गायचं आहे, पण आज जेवढे सूर हाताशी आहेत तेवढ्यातच, हा मधला रस्ता.

इथे मामा कामी आले. ते गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, हे बोलता बोलता कळलं. पट्टी काढायचं, म्हणजे आज कोणते सूर येतात ते पेटीवर शोधायचं काम त्यांच्याकडेच सोपवलं, आणि "बेंडूक" हा शब्द घरातून काढून टाकायचं त्यांनीच कबूल केलं. त्यांना शिकवलेली पद्धत अशी. मुलाला कुणी हाक मारल्यावर तो देतो तसा "हं" म्हणायला सांगायचं. तो सूर पेटीवर शोधायचा. तिथून "ऊ" म्हणत एकेक पट्टी खाली उतरायचं. आवाज घरघरायला लागला की थांबून त्याच्या वरची पट्टी लिहायची, हा तळ. मग पुन्हा "हं"पासून हलक्या आवाजात वर चढायचं. जोर लावावा लागला किंवा आवाज मोडला की त्याच्या खालची पट्टी लिहायची, हे टोक. सगळं तीन-चार मिनिटांत. सकाळी उठल्या उठल्या आवाज खाली असतो, म्हणून मोजायचं ते नेहमी एकाच वेळी, दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी. वहीत तीन रकाने : तारीख, तळ, टोक.

पहिल्या रविवारी तळ काळी तीन (पेटीच्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी) आला आणि टोक त्याच्या वरच्या सप्तकातली पांढरी तीन. एक सप्तकही पुरतं नाही. गेल्या नाताळात हाच मुलगा काळी पाचमध्ये, म्हणजे काळी पाचला सा धरून, वरच्या (तार) सप्तकातल्या मध्यमापर्यंत (म) जात होता. आकडे पाहून आई हबकली. मुलाला मात्र धीर आला, कारण "आवाज गेला" याऐवजी आता त्याच्याकडे मोजलेलं काहीतरी होतं.

दोन्ही टोकांना थोडी जागा सोडायची, हा नियम. त्याला सोयीचे सूर उरले पांढरी पाचपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत. शाळेत नाताळचं गाणं पांढरी चारमध्ये बसवलं होतं. म्हणजे त्या पट्टीतले रे, ग, म, प, ध हे पाच सूर त्याचे. खालचा सा त्याच्या तळाखाली जात होता आणि वरचा सा टोकापलीकडे. मुख्य चाल त्याला गाता येणार नव्हती, पण या पाच सुरांत मधली साथ सहज बसते. शेवटी सगळे सा वर येतात तिथे त्यानं प धरायचा. ऐकणाऱ्याला कुठेही उणं वाटत नाही, उलट भरीव वाटतं. बरेच शिक्षक अशा मुलाला "एक सप्तक खाली गा" म्हणतात. तिथेच फसतं, कारण ते खालचं सप्तक अजून आलेलंच नसतं.

हे सरांना सांगायचं कसं, यावर मुलाशी अर्धा तास बोलणं झालं. शाळेशी बोलण्याआधी मुलाची परवानगी घ्यायची आणि काय सांगायचं, काय नाही, हे त्याच्यासमोर लिहायचं. त्यानं तीन गोष्टींना हो म्हटलं : आवाज बदलतोय, हे पाच सूर येतात, आणि "ओठ हलव" असं परत म्हणू नका. हसणाऱ्यांची नावं त्यानं दिली नाहीत, ती मागितलीही नाहीत. सरांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. 60 मुलांचा सराव घेताना एक वाक्य कुठे जाऊन लागतं हे कळत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरं आहे. पुढच्या तासाला त्यांनी कुणाचंही नाव न घेता सगळ्या वर्गाला आवाज कसा फुटतो ते समजावलं आणि आठवी-नववीच्या सगळ्या मुलांची पट्टी तपासली. आणखी चौघे निघाले. पाच जणांची एक रांग झाली.

घरचा रियाज रोज 10 मिनिटं, जास्त नाही. पहिली दोन मिनिटं ओठ सैल सोडून मोटारीसारखं "फुर्र". मग तीन मिनिटं "ऊ" वर टोकापासून तळापर्यंत घसरत यायचं. मध्ये आवाज मोडला तरी थांबायचं नाही, मोडून पुढे जाऊ द्यायचं. उरलेली पाच मिनिटं सोयीच्या सुरांतलं गाणं. गळा दमला की बंद. शेतात पाखरं हाकलताना ओरडायचं नाही, त्यासाठी डबा वाजवायचा. आणि गळ्याला आराम म्हणून कुजबुजत बोलायचं नाही, कुजबुजण्यानंही ताण येतो. थंडीत शेतावर भरीत-भाकरीचे बेत होतात. त्याला आडकाठी नाही, पण रात्री उशिरा तिखट खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी घसा खरखरतो. जेवण आणि झोप यांत दोन तास जाऊ द्यावेत.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं, हेही आईला लिहून दिलं. आवाज दिवसभर एकसारखा बसलेला राहून 3 आठवड्यांत सुटला नाही, बोलताना किंवा गिळताना दुखलं, श्वास घेताना आवाज आला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. श्वासाचा त्रास असेल तर वाट न पाहता. आणि 16-17 वर्षं झाली तरी बोलण्याचा आवाज लहान मुलासारखाच राहिला तर वाचा-उपचार करणाऱ्याकडे जावं. तसा आवाज व्यायामानं खाली उतरतो.

मामांची धर्माची शंका बाजूला सारली नाही. ती मनापासून होती. संविधानाच्या कलम 28(3) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. त्यासाठी त्याची, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची, संमती लागते. घरच्यांना नको असेल तर तसं प्राचार्यांना लिहून द्यावं. मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, गाणी आवडतात, दाब नाही. मग मामांशी बोलणं निघालं ते नारायण वामन टिळकांवर. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीनं मराठी उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन आणलं. शाळेत वाजते ती पेटी आणि भजनी मंडळातली पेटी एकच. आपल्या धरणगावचे बालकवी, 1890 चा जन्म, अहमदनगरला याच टिळकांच्या घरी राहिले होते, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यासनी चाली आमले बी येतीन का?"

वडील एकदाच आले, तेही परीक्षेचं विचारायला. मुलगा गांधर्व मंडळाच्या प्रवेशिका प्रथम या शास्त्रीय संगीताच्या परीक्षेला बसणार होता. या सत्रात बसवू नका, असं सांगितलं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेमध्ये पुन्हा संधी असते, आणि आपली पट्टी गाणाऱ्यानं ठरवायची असते. "मग गाणं सोडून चित्रकलेला टाकू का, दहावीला मार्क मिळतात म्हणे?" मिळतात. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत ए श्रेणीला 7, बी ला 5, सी ला 3 वाढीव गुण मिळत आले आहेत. आवड असेल तर त्यानं चित्रकला जरूर करावी. पण आवाज फुटला त्याच महिन्यात ती बदली म्हणून पुढे केली, तर मुलाला ऐकू येतं ते एवढंच : तुझं गाणं संपलं.

शाळेत परतणं एका दिवसात झालं नाही. पहिल्या मंगळवारी पोट दुखलं. दुखत असलं तरी पाठवा, मधल्या सुटीत त्रास वाटला तर आईला फोन करायची मुभा द्या, असं ठरलं होतं. फोन आला, पण तो घरी आला नाही. शुक्रवारी फोनही आला नाही. एकट्यानं गायचं कडवं यंदा सहावीतल्या मुलाला दिलं होतं. ते त्याला शिकवशील का, असं सर लगेच विचारणार होते. त्यांना आठवडाभर थांबायला सांगितलं. ताज्या जखमेवर असा मोठेपणा लादू नये. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यानं शिकवलं, थोडं कडक शब्दांत.

कार्यक्रमात रांगेतल्या पाचही जणांनी पाच सुरांची साथ केली. दुसऱ्या कडव्यात एकाचा आवाज फाटला, कुणाचा ते आईला बाहेरून कळलं नाही.

जानेवारीत तिनं एकच प्रश्न आणला : तो जुना आवाज परत येईल का? नाही येत. तसं स्पष्ट सांगितलं, मुलासमोरच. येतो तो वेगळा आवाज असतो, आणि तो स्थिरावायला साधारण वर्ष-दोन वर्षं जातात. आई रडली. मुलानं तिला थांबवलं नाही, जवळ बसून राहिला. सातवीतल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलमध्ये होतं. त्याला नको असताना ते घरात लावायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं.

वही मामांकडेच राहिली. उन्हाळ्यात टोक आणखी खाली आलं, तळ दर महिन्याला घसरत गेला, आणि पावसाळ्यात दोन्ही स्थिरावू लागले. एप्रिल-मेची परीक्षा त्यानं स्वतःहून सोडली. पुढच्या दिवाळीत मामांनी वहीचं पान दाखवायला आणलं. सा पांढरी दोन, खालच्या सप्तकातला प (मंद्र पंचम) सहज, वर तार सप्तकाचा सा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राचा प्रवेशिकेचा अर्ज भरून झाला होता. आईचा मोबाइल त्याच संध्याकाळी त्यानं मागून घेतला आणि सातवीतलं गाणं स्वतः लावलं. ते काळी पाचमध्ये होतं. ते ऐकत ऐकत तो पेटीवर पांढरी दोन शोधत होता.