मामा माझा ग्लास का मोजतो?

प्रश्न : काका, मी ३२ वर्षांचा, राहायला भांडुपला, ऑफिस लोअर परळला. शुक्रवारी आम्ही चार-पाच जण बसतो, माझी एक क्वार्टर होते, मूड असेल तर वर एखादी बिअर. कधी कधी शनिवारी पण. घरी तमाशा नाही, ऑफिसला दांडी नाही, पगार आईच्या हातात. माझा धाकटा मामा ९ वर्षांपूर्वी दारू सोडून ए.ए.ला (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा) जायला लागला. मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या हळदीला आम्ही पोरं गच्चीवर बसलेलो, तर मामा तिथेच खुर्ची टाकून बसला, हातात थम्सअप, आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता. निघताना फक्त एवढंच म्हणाला, "तुझा ग्लास सगळ्यांच्या आधी रिकामा होतो रे." माझं डोकंच सटकलं. ज्यांनी सोडली त्यांना बाकी सगळे बेवडेच दिसतात का? स्वतः इतकी वर्षं ढोसून आता आम्हाला शिकवणार?

उत्तर : अरे, मी पण तुझ्या मामाच्याच गावचा. १४ वर्षं झाली मला सोडून, आणि आमच्यात 'दारुडा होतो' असं म्हणत नाहीत, दारुडा आहे, आज प्यायलो नाही, बस. त्यामुळे खरं सांगतो, हो, दिसतात. सोडल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष तर जो दिसेल तो बेवडाच वाटतो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात ना, तसं (आमच्यातल्या बऱ्याच जणांना खरी कावीळ पण होऊन गेलेली असते, तो भाग वेगळा). मी तर मनातल्या मनात साहेबाला, मेव्हण्याला, एकदा आमच्या सोसायटीच्या खजिनदाराला सुद्धा सर्टिफिकेट देऊन टाकलेलं, आणि तो बिचारा वर्षातून एकदा थर्टी फर्स्टला अर्धा ग्लास वाईन घेणारा माणूस.

ते हळूहळू उतरतं. पण एक गोष्ट राहते, कुणी किती प्यायलं याच्यापेक्षा कसं प्यायलं इकडे नजर जाते. मी सोडल्यावर चौथ्या वर्षी असेन, ऑफिसच्या पार्टीला दादरला एका परमिट रूममध्ये गेलेलो, समोरच्या बाईंनी अर्धी बिअर प्यायली, म्हणाल्या आज कडू लागतेय, आणि ग्लास तसाच ठेवून पर्स उचलून ट्रेन पकडायला गेल्या. मी त्या ग्लासाकडे बघतच बसलो. फेस बसलेला, बाहेरून पाणी सुटलेलं, आणि वेटर येऊन तो ओतून टाकणार! माझ्या आयुष्यात मी ग्लासात कधी काही सोडलं नव्हतं, उलट लग्नाकार्यात पाहुणे उठले की प्लेटा उचलायच्या निमित्ताने त्यांचे उरलेले ग्लास मी मोरीजवळ जाऊन संपवायचो आणि वर आत्या म्हणायची किती कामाचा पोरगा आहे. त्या बाईंचा मला रागबिग नाही आला, जळलो मी. चार वर्षं सोडलेला माणूस अर्ध्या बिअरवर जळतो, विचार कर.

तर मामाच्या डोळ्यात जे तुला शिकवणं वाटलं त्यात थोडी जळ असणार, थोडी भीती असणार, आणि थोडी ओळख. आपला पेग भरताना बाटलीत किती उरली ते बघणं, दुसऱ्याने मोठा भरला तर आत चरकणं, बसायच्या आधी घरूनच नाइन्टी मारून निघणं म्हणजे चारचौघात सावकाश प्यायल्यासारखं दिसतं, हे सगळं आम्ही केलेलं असतं, त्यामुळे लांबून पण कळतं. कधी चुकीचं पण कळतं बरं का.

आता मामाचं चुकलं कुठे ते पण सांगतो. ए.ए. सुरू झाली १९३५ला अमेरिकेत, अ‍ॅक्रन गावात, एक शेअरदलाल आणि एक सर्जन दोघे पिणारे एकमेकांशी बोलत बसले तिथून, आणि तेव्हापासून तिथे कुणी कुणाला तू दारुडा आहेस असं ठरवून देत नाही. ते ज्याचं त्याने म्हणायचं. मेंबर व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. बाकी जगाने प्यावं की नाही, दारूबंदी असावी की नसावी, यावर ए.ए.चं काही मतच नाही. मीटिंगमध्ये मामाने तुझा किस्सा सांगितला तर एखादा जुना मेंबर त्याला नक्की म्हणेल, दुसऱ्याची इन्व्हेंटरी घेऊ नको बाबा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकांचा हिशोब मांडत बसू नको. त्यामुळे तुला राग आला हे बरोबरच आहे.

पण तो इतका का आला? मामा म्हणाला असता की तू जाड झालास, तर तू मला पत्र लिहिलं असतंस का?

आणि 'एक क्वार्टर' तू ज्या सहज लिहिलीस ना, तिचा हिशोब बघ. क्वार्टर म्हणजे १८० मिली, आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे पोटात गेलं साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा वर गेलं की त्याला जड पिणं धरते. आपल्या मुंबईत क्वार्टरला 'थोडीशी घेतली' म्हणतात! तुझी तर वर बिअर पण आहे. याचा अर्थ तू दारुडा झालास असा नाही, मी पण इन्व्हेंटरी घेणार नाही. त्याच संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची यादी आहे, डॉक्टरकडे मिळते, नेटवर पण मिळते, दार लावून एकट्याने भर आणि कुणाला दाखवू नको. पुढच्या शुक्रवारी एक कर, तुझा ग्लास सगळ्यात शेवटी संपव, आणि मधल्या वेळात तुझं लक्ष गप्पांमध्ये राहतंय की बाटलीवर, ते बघ. हा, आणि कधी सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, घोट घेतला की बरं वाटतं, असं होत असेल तर फुशारकीने एकदम बंद करू नकोस, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर.

मामाला एकदा कटिंगला बोलव. त्याला विचार, तुझा ग्लास कुठल्या वर्षापासून सगळ्यांच्या आधी संपायला लागला होता मामा? तो सांगेल. आम्हाला विचारणारं कुणी भेटतच नाही.

प्रश्न : आमच्या ह्यांनी दारू सोडून ७ महिने झाले. आता चाळीतली मंडळी गटारीला गच्चीवर बोलावताहेत, नुसतं बसायला ये म्हणून. हे घरात त्याच मित्रांना बेवडे, नालायक असं काहीबाही बोलत असतात, आणि जायचं पण म्हणतात. पाठवू का?
(लालबागहून एक ताई)

उत्तर : ताई, नका पाठवू. म्हणजे तुम्ही अडवू नका, त्यांनाच त्यांच्या ए.ए.मधल्या सीनियर मेंबरला फोन करायला सांगा, तो अडवेल. सातव्या महिन्यात चकण्याच्या वासाने पण माणूस हलतो. ते शिव्या देतात त्याचं फार मनावर घेऊ नका, सुरुवातीला आम्ही मित्रांना नालायक ठरवतो कारण तसं ठरवलं नाही तर उठून त्यांच्यात जाऊन बसू अशी धास्ती असते. तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग, तिथे एकदा जाऊन या, नवऱ्याला विचारून नाही, स्वतःसाठी. आणि त्या दिवशी दिव्यांची अवस असते, घरचे दिवे घासायला त्यांना बसवा, कणकेचे दिवे करा, हात गुंतलेला बरा.

थंड काही द्यायचं तर कोकम सरबत द्या. फक्त रिकाम्या व्हिस्कीच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवू नका. आमच्या हिने पहिल्या वर्षी ठेवलेलं, मी रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो तो फ्रिजचं दार उघडं टाकून पंधरा मिनिटं तिथेच उभा.