कोळशातील गंधक आणि राख काय सांगतात?

प्रश्न : दीपनगरच्या वीज केंद्रामुळे कोळशाची राख आम्हा भुसावळकरांच्या परिचयाची आहे. कोळसा जिथे तयार झाला तिथली परिस्थिती त्याच्या रसायनावरून कळते का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : होय, बऱ्याच अंशी कळते, आणि त्यात गंधकाची साक्ष मला सर्वांत बोलकी वाटते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट हे गंधकाचे संयुग विपुल असते. ज्या दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा पुढे कोळसा होतो, तिथे ते शिरले की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात आणि त्याचा लोहाशी संयोग होऊन पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज तयार होते. आसामच्या माकुम कोळशात गंधक भरपूर आढळते, कारण त्याच्या निर्मितीवर समुद्राचा प्रभाव होता. याउलट, विदर्भातील वर्धा खोऱ्याचा पर्मियन काळातील, म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, गोंडवाना (एक प्राचीन महाखंड) कोळसा गोड्या पाण्याच्या दलदलीतला असल्याने त्यात गंधक सहसा १ टक्क्याच्या आसपासच असते. मात्र नद्यांच्या पुराने वनस्पतींच्या थरांत गाळ मिसळत गेल्यामुळे भारतातील गोंडवाना कोळशात राखेचे प्रमाण अनेकदा ३० टक्क्यांहून अधिक भरते. आपण पाहता ती राख मुख्यतः त्या प्राचीन गाळाचीच आहे. बोरॉन या मूलद्रव्याचे कोळशातील प्रमाणही पाण्याच्या खारटपणाचा अंदाज देते, परंतु नंतर झिरपलेल्या पाण्याने ते बदलू शकत असल्याने केवळ त्यावर विसंबू नये.