पन्नासपर्यंत पाठ आहे, पण तीन बटाटे देता येत नाहीत

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. एक ते पन्नास धडाधड म्हणतो, पाहुणे आले की सासूबाई त्याला हमखास म्हणायला लावतात. पण काल भाजी निवडताना म्हटलं तीन बटाटे दे रे, तर हाताला येतील तेवढे आणून माझ्या मांडीत ओतले. मोजून दाखव म्हटलं तर बोट ठेवून बरोब्बर मोजले, एक दोन तीन चार पाच. मग किती झाले रे? तर परत एकपासून सुरू! त्याला काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर: अजिबात नाही, उलट इतकं नीट बघितलंत म्हणून तुमचं कौतुक. पन्नासपर्यंत आकडे म्हणणं हे त्याच्यासाठी सध्या बडबडगीत आहे, पाठांतर चोख, अर्थ अजून यायचाय. रोशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याचे नियम वेगळे करून मांडले, त्यातले तीन तुमच्या कामाचे. आकड्यांचा क्रम ठरलेला असतो, एका वस्तूला एकच आकडा मिळतो, आणि शेवटी जो आकडा आला तोच एकूण किती याचं उत्तर असतो. पहिले दोन तुमच्या मुलाला जमतायत, तिसरा नाही. म्हणूनच 'किती झाले' म्हटलं की त्याला वाटतं आई परत मोजायला सांगतेय, आणि तो बिचारा इमानदारीत परत मोजतो.

हा तिसरा नियम एका दिवसात येत नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी लहान मुलांना 'एवढ्या वस्तू दे' असं सांगून बघितलं, म्हणजे तुमचाच बटाट्यांचा प्रयोग समजा. त्यात दिसलं की मूल आधी फक्त 'एक' बरोबर देतं, बाकी काहीही मागा, मूठभर मिळणार. मग काही महिन्यांनी 'दोन' पक्कं होतं, मग 'तीन', आणि मग कधीतरी एकदम लक्षात येतं की अरेच्चा, मोजत गेलं की कितीही देता येतात. हे साधारण साडेतीन-चारच्या आसपास होतं, काहींना अजून उशीर लागतो आणि त्यात काही बिघडत नाही.

आज त्याच्याकडे आधी एक मागा, मग दोन. दोन बरोबर दिले तर त्याची गाडी आता 'तीन'कडे निघालीय असं समजा. आणि पन्नासचं शंभर करण्याच्या मागे लागू नका प्लीज, त्यापेक्षा तीन चमचे समोर ठेवून 'हे बघ तीन चमचे' म्हणा आणि मग मोजा, एक, दोन, तीन, तीन चमचे. शेवटचा आकडा परत म्हणायचा, तेवढंच. जेवायला पानं घेताना, कपड्यांचे चिमटे काढताना, कुठेही चालतं. चुकलं तर 'असं नाही रे' म्हणून ओरडायचं नाही, आपण परत मोजायचं.

प्रश्न: नात पाच वर्षांची. दोन ओळींत सहा-सहा नाणी समोरासमोर मांडली तर 'सारखी' म्हणते. तिच्यासमोरच एक ओळ लांब पसरली की 'ही जास्त'. एकही नाणं वाढवलं नाही हो! - एक आजोबा

उत्तर: आजोबा, हा प्रयोग जगप्रसिद्ध आहे, मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांचा. या वयात लांबी डोळ्यांत भरते आणि संख्या मागे पडते. पण यात एक गंमत आहे. सत्तरच्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या संशोधकांनी हाच प्रयोग केला, फक्त ओळ मोठ्या माणसाने न पसरता एका खट्याळ टेडीने 'चुकून' विस्कटली, तर कितीतरी जास्त मुलं 'सारखीच आहेत' म्हणाली. म्हणजे मोठा माणूस मुद्दाम काहीतरी करून तोच प्रश्न परत विचारतो तेव्हा मुलांना वाटत असावं की उत्तर बदलायला हवंय. तुम्हीही एकदा बाहुलीकडून विस्कटून बघा.

प्रश्न: मुलगी दुसरीत, मराठी माध्यम. त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहिते. लिहिण्यावाचण्यात बाकी काहीच अडचण नाही.

उत्तर: त्रेसष्ट ऐकताना आधी तीन ऐकू येतो आणि मग साठ, लिहिताना मात्र आधी ६ लिहायचा. ती ऐकलं तसं लिहितेय, दुसरं काय! त्यात आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस ते थेट एकोणनव्वद, आणि ९९ ला मात्र नव्व्याण्णव. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि एकवीसला 'दोन-दहा-एक' अशा अर्थाची नावं आहेत, त्यामुळे तिथल्या मुलांना दहाच्या पुढची मोजणी सोपी जाते असं अभ्यासात दिसलंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा हेच समजावत होत्या, पण विनोद करण्यातच लोकांना रस. माझं मत विचाराल तर दोन्ही नावं शेजारी-शेजारी शिकवण्यात काहीच वाईट नाही. घरी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा, सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवा, 'साठ आणि तीन, त्रेसष्ट' असं तिला मोठ्याने म्हणू द्या आणि मगच लिहायला सांगा, आधी गठ्ठ्यांचा आकडा, मग सुट्यांचा.