दहा दिवसांत आठ गावं नकोत

चि. यास अनेक आशीर्वाद,

लग्नानंतरच्या तुमच्या जपान सहलीचा तुझा आराखडा दोनदा नीट वाचला. मेहनत दिसते त्यात. गाड्यांच्या वेळा, तिकिटांचे दर, कुठलं देऊळ किती वाजता उघडतं, सगळं तक्त्यात बसवलंयस. पण दहा दिवसांत तोक्यो, निक्को, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा? म्हणजे जवळजवळ रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज संध्याकाळी नवं हॉटेल शोधायचं. एकटा निघाला असतास तर मी काही बोलले नसते. इथे तुम्ही दोघं पहिल्यांदाच चोवीस तास बरोबर असणार आहात, तेही जिथली साधी पाटी वाचता येत नाही अशा देशात. त्याला वेळ लागतो, आणि तुझ्या तक्त्यात तो कुठेच सापडला नाही.

आधी सांग, तुझ्या होणाऱ्या बायकोने हा तक्ता पाहिलाय का? किल्ले, रेल्वे, संग्रहालयं, सगळीकडे तुझीच आवड दिसते. आज रात्री दोघं बसा आणि ज्या हुकल्या तर खरंच वाईट वाटेल अशा तीन-तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. एकमेकांचं बघून लिहू नका. त्या सहा गोष्टी आधी नकाशावर टाका, बाकीचं जमलं तर.

माझ्या मते मुक्काम तीनच ठेव. तोक्योत चार रात्री, हाकोनेत दोन, क्योतोत तीन. उतरायचं तोक्योला आणि परतीचं विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून घ्यायचं. असं तिकीट एकत्र काढता येतं आणि शेवटच्या दिवशी तोक्योपर्यंत उलटा प्रवास करावा लागत नाही. तोक्योचे विमानतळ दोन: हानेदा शहरालगत, नारिता साठेक किलोमीटर लांब. भाड्यात फार फरक नसेल तर हानेदाच घे. निक्को, ताकायामा, कानाझावा, हिरोशिमा पुढच्या खेपेला. हिरोशिमा तर घाईघाईत उरकायची जागाच नव्हे.

तू सात दिवसांचा रेल्वे पास धरलायस, तो काढून टाक. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येनला पडतं. तीन मुक्कामांच्या प्रवासात पासाचे पैसे वसूल होत नाहीत. लोकल, मेट्रो आणि बससाठी सुइकासारखं आधी पैसे भरून ठेवायचं एक कार्ड पुरतं. ते प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. थोडी रोकडही जवळ असू दे, लहान खानावळींत आणि देवळांत ती लागते.

तोक्योत रोज शहराची एकच बाजू धरा. मेइजी देवस्थान, हाराजुकू आणि शिबुया एका दिवशी. आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ आणि उएनो दुसऱ्या. हॉटेल निवडताना खोलीचं नाव नीट वाच. तिथे ‘सेमी-डबल’ म्हणजे साधारण १२० सेंटीमीटर रुंदीचा पलंग, ‘डबल’ बहुधा १४० चा. लग्नाच्या दगदगीनंतर दोघांना त्यावर झोप लागेल का, ते तुम्हीच ठरवा. खोल्याही इतक्या आटोपशीर असतात की दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत. चार चौरस मीटर जास्त मिळत असतील तर तिथे पैसे खर्च कर, दुसरीकडे वाचव.

आता हाकोने, गरम झऱ्यांचं गाव. तू तिथे एकच रात्र ठेवलीयस आणि पोहोचायची वेळ रात्री आठ! र्योकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक निवासात, असं चालत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला खोली मिळते. दारातच बूट काढायचे, खोलीत चहा येतो, मग युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालून स्नानाला जायचं. युकाता घालताना डावी बाजू उजवीवर येऊ द्या, उलटी गुंडाळण्याची पद्धत मृतांसाठी आहे. जेवण साधारण सहा ते सातच्या दरम्यान सुरू होतं, एकामागून एक लहान लहान वाढप येत राहतं. उशीर झाला तर जेवण हुकतं आणि पैसे मात्र जातात. बऱ्याच ठिकाणी तुम्ही जेवत असताना कर्मचारी खोलीत गाद्या घालून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला खोली सोडायची. एकाच रात्रीत हे सगळं घड्याळाकडे बघत होतं, म्हणून दोन रात्री.

एक गोष्ट जोडप्यांना तिथे गेल्यावर कळते. गरम झऱ्यांची सामायिक स्नानगृहं बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांची वेगळी असतात आणि अंगावर कपडे चालत नाहीत. दोघांना एकत्र बसायचं असेल तर स्वतःचं उघड्यावरचं कुंड असलेली खोली घ्यावी लागते, नाहीतर ‘काशिकिरी’, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं फक्त तुमच्यासाठी राखलेलं स्नानगृह. या खोल्या मोजक्याच असतात. तिला हे कितपत रुचेल, ते आधी मोकळेपणाने विचार. आणि ती शाकाहारी आहे हे आरक्षण करतानाच लिहून कळव. तिथल्या बहुतेक रश्शांचा पाया ‘दाशी’ असतो आणि त्यात सुकवलेला मासा असतो, ताटात फक्त भाज्या दिसल्या तरी. आयत्या वेळी सांगितलं तर त्या माणसांची पंचाईत होते आणि हिला उपाशी झोपावं लागतं.

मोठ्या बॅगा हाकोनेला नेऊ नका. तोक्योच्या हॉटेलातूनच ‘ताक्क्यूबिन’ने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या सेवेने, त्या थेट क्योतोच्या हॉटेलवर पाठवता येतात आणि कोणत्या तारखेला पोहोचवायच्या तेही सांगता येतं. पाठीवर एकेक सॅक घ्या आणि तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनवरून हाकोनेला जाणारी रोमान्सकार ही गाडी पकडा. हाकोनेहून पुढे क्योतोला जाताना ओदावारा स्टेशनवर शिंकान्सेन मिळते. शिंकान्सेनपैकी नोझोमी गाड्या तिथे थांबत नाहीत, हिकारी काही ठरावीकच थांबतात, म्हणून वेळ बघून ठेव. जागा ‘डी’ आणि ‘ई’ घे. फुजी पर्वत त्याच बाजूला येतो, आणि खिडकी ‘ई’ला आहे. ती तिला दे.

चेरीच्या बहरासाठी मार्चची अखेर धरलीयस. तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. ऐन बहर आठवडाभर टिकतो आणि एका वादळी पावसात संपू शकतो. तोक्यो-क्योतोत तो साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तारीख दरवर्षी हलते. मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर सहल वाया गेली असं वाटू नये, इतपतच त्याच्यावर अवलंबून राहा. क्योतोच्या निन्नाजी देवळातली चेरीची झाडं उशिरा फुलतात, एवढं लक्षात असू दे. एप्रिलअखेरीपासून ५ मेपर्यंतच्या गोल्डन वीकमध्ये, म्हणजे तिथल्या सलग सुट्ट्यांत, मात्र जाऊच नका, अख्खा जपान तेव्हा प्रवासाला निघालेला असतो.

क्योतोत तू रोज पाच देवळं लिहिलीयस. दोन पुरेत. फुशिमी इनारी देवस्थानाची वाट रात्रंदिवस खुली असते. तू पहाटे उठणारा, ती उशिरापर्यंत झोपणारी, हे मला माहीत आहे. एखाद्या पहाटे तू एकटा त्या लाल कमानींखालून चढून ये, तिला झोपू दे. न्याहारीला भेटलात की बास. नवराबायकोने परदेशात क्षणभरही वेगळं व्हायचं नाही असा नियम कुणी केलेला नाही. जवळच्या नारा शहराला जायचं तर सकाळी निघून संध्याकाळी परत या, मुक्काम हलवू नका.

आणखी दोन गोष्टी घरच्या बाजूने. अंगावरची हळद उतरायच्या आत विमान गाठू नका. लग्न आणि निघणं यांत पाच-सहा दिवस असू देत, पाहुणे जाऊ देत, झोप होऊ दे. दुसरं म्हणजे तिला आडनाव बदलायचं असलं तर ते परतल्यावर. पासपोर्टवर आज जे नाव आहे तेच व्हिसावर आणि तिकिटावर अक्षर न् अक्षर असलं पाहिजे.

आता कामाला लाग. आधी र्योकानच्या दोन रात्री नक्की करा, कारण त्या खोल्या सर्वांत आधी भरतात. मग विमान, मग बाकीची हॉटेलं. आरक्षण रद्द करण्याची मुदत प्रत्येकाची लिहून ठेव. नवा आराखडा झाला की पाठव, पण या वेळी तिच्या हाताने लिहिलेला.

तुझी,
मावशी