इन्स्टंट गोंद लावला की मॉडेल विमानाच्या डेपरॉनच्या (पातळ फोम शीटच्या) पंखाला खड्डा पडतो आणि कापताना कडा फाटतात, काय करावं?

जोडायला कमी तापमानाची हॉट ग्लू गन किंवा पाच मिनिटांत बसणारा इपॉक्सी घ्या, आणि कापायला कटरचं पातं दर थोड्या वेळाने नवं करा. डेपरॉन आणि थर्माकोल दोन्ही पॉलिस्टायरीन. नेहमीचा इन्स्टंट, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद ते विरघळवतो, खड्डा त्यामुळेच पडतो. फेविकॉलने फोम विरघळत नाही, पण दोन शीटच्या मध्ये हवाच जात नसल्याने तो आत दिवसेंदिवस ओलाच राहतो. कागद चिकटवायला मात्र तो उत्तम.

कडा फाटतात त्या बहुतेक बोथट पात्यामुळे. मी डेपरॉनचीच विमानं बनवतो, आणि सगळ्या हत्यारांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच साधं मोडत्या पात्याचं कटर. स्टीलच्या पट्टीला टेकवून, पातं खूप तिरकं धरून, जोर न देता दोन-तीन हात फिरवा. कापताना करकर आवाज आला की पात्याचं टोक मोडून टाका, वाट पाहू नका. एलेरॉनची (पंखाच्या मागच्या बाजूच्या हलत्या पट्टीची) कड साधारण ४५ अंशांत तिरपी तासून वरून पारदर्शक टेप लावलीत, की वेगळी बिजागरी लागत नाही.

एक अपवाद: ईपीपी किंवा ईपीओ फोम असेल तर इन्स्टंट गोंद बिनधास्त चालतो. कुठला फोम आहे ते कळत नसेल, तर तुकड्यावर थेंब टाकून बघा. स्प्रे पेंटचीही आधी अशीच चाचणी घ्या.